थेट गाडी कोणी निवडली

ती गाडी मी निवडली होती. ताईनं नाही, तिच्या जावयानं नाही, भाचीनं तर नाहीच. मी निवडली, आणि पुढची नऊ वर्षं तो दोष ताईच्या माथ्यावर राहू दिला. आज लिहायला बसलो आहे तर आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याविषयी कुणाचा गैरसमज व्हायला नको.

भाची लग्न होऊन जर्मनीला गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नव्यानं आलेल्या माणसांसाठी तिकडे सरकारच भाषेचे आणि रीतीभातीचे वर्ग चालवतं. भाची त्या वर्गाला जायची आणि तिथलं काय काय ईमेलमध्ये लिहायची. कचरा किती डब्यांत वेगळा टाकायचा, शेजारणीकडे न विचारता का जायचं नाही, स्टेशनवर चौकशी कशी करायची. ईमेल माझ्या पत्त्यावर यायचे. मी बुऱ्हाणपुरात केळीच्या आडतीवर कामाला. संध्याकाळी तिथल्याच कॉम्प्युटरवर ते उघडायचो, कागदावर छापून घ्यायचो आणि चार गल्ल्या पलीकडे ताईच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवायचो. भाऊजी गेल्यापासून ताई एकटीच होती. ती हातातली भाजी निवडत ऐकायची, मध्येच म्हणायची, "थांब, ते परत वाच." तिच्या दिवसातला तोच काय तो आनंद.

भाचीला दिवस गेले आणि बाळंतपणाला ताईनं तिकडे जायचं ठरलं. मुंबईहून विमान ठरलं. विमानतळापासून भाचीच्या गावापर्यंत चार तासांचा रेल्वेचा प्रवास होता, त्याचं तिकीट जावई तिकडूनच काढणार होते. भाचीनं दोन गाड्या लिहून पाठवल्या. पहिली विमान उतरल्यावर सव्वा तासानं विमानतळाच्याच स्टेशनवरून सुटणारी, थेट तिच्या गावापर्यंत जाणारी. दुसरी साडेतीन तासांनी, मध्ये एकदा बदलायची. खाली तिनं लिहिलं होतं, "मामा, माझं मत दुसरी. उतरल्यावर पासपोर्टची रांग असते, मग सामान, मग स्टेशनपर्यंत बरंच चालायचं. निदान तीन तास तरी हाताशी ठेवावेत असं इथे सगळे सांगतात. आणि स्वस्तातलं तिकीट त्या एकाच गाडीचं असतं, ती सुटली की गेलं. बदलायच्या स्टेशनवर हे स्वतः आईला घ्यायला येतील. आईला विचारून कळवा."

आईला विचारून कळवा. मी विचारलं नाही.

आमच्या गावच्या माणसाला गाडी बदलायची म्हटलं की इटारसी जंक्शनचा फलाट दिसतो. पेट्या, पोरंबाळं, धावपळ, आणि ऐनवेळी बदललेला फलाट. मुलगी देतानासुद्धा आमच्याकडे विचारतात, तिकडे थेट गाडी आहे का? उलट गाडीच्या वेळेची आम्हाला कधी धास्ती नसते. वेळापत्रकात गाडीची जी वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला आम्ही घरी चहा ठेवतो आणि मग स्टेशनला फोन करून विचारतो, किती लेट आहे. बुऱ्हाणपूरला उतरलेला माणूस पाच मिनिटांत ऑटोत बसलेला असतो. मी विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. उतरणं म्हणजे पोचणं, एवढंच मला माहीत. सव्वा तास म्हणजे मला चैन वाटली. त्यात नातेवाइकांत गाड्यांचा जाणकार म्हणून माझं नाव होतं. कुणालाही कुठं जायचं असलं की विचारायला माझ्याकडे यायचे. काल जर्मनीत गेलेल्या पोरीनं मला गाड्या शिकवाव्यात, हेही थोडं लागलं. ते खोटं कशाला बोलू?

ओट्यावर बसून मी तो ईमेल वाचला, आणि गाड्यांचा सगळा मजकूर गाळला.

"गाडीचं काय म्हणते?" ताईनं विचारलं.

"जावईबापूंनी थेट गाडी बघितली आहे. विमानतळावर बसायचं, लेकीच्या गावात उतरायचं."

"कुठं बदलायची नाही ना भाऊ?"

"अजिबात नाही."

"मग बस. देवच पावला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी मी भाचीला लिहिलं, "आई म्हणते, थेट गाडीच काढा. तिला बदलायची भीती वाटते." ताईला वाटलं गाडी जावयानं ठरवली. लेकीला वाटलं, आईनं हट्ट केला. दोघींच्या मधे मी होतो, आणि दोघींनाही मी दिसत नव्हतो.

ताई गेली. विमान अगदी वेळेवर उतरलं. पासपोर्टच्या रांगेत तिची पन्नास मिनिटं गेली. मग बॅग यायला वेळ. मग सामान तपासणाऱ्यानं बॅग उघडायला लावली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून हे काय म्हणून विचारलं. ताईनं एक लाडू स्वतः खाऊन दाखवला, तेव्हा तो हसला आणि जा म्हणाला. त्यात पाच मिनिटंही गेली नसतील. पण ती स्टेशनवर पोचली तेव्हा गाडी सुटून गेली होती. आपल्याकडे टीसीला हात जोडले की तो पुढच्या गाडीत बसवतो, म्हणून ती टीसी शोधत फिरली. भाषा येत नाही, जवळ फोन नाही, हातात फक्त जावयाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. शेवटी फरशी पुसणाऱ्या एका बाईनं स्वतःच्या मोबाइलवरून तो नंबर लावून दिला. तोवर गाडी सुटून पाच तास उलटले होते.

त्या पाच तासांत काय झालं ते ऐकायला मला फार दिवस लागले. जावई गावच्या स्टेशनवर ताईला घ्यायला गेले होते. ताई उतरली नाही, म्हणून ते तिथेच अडकले. तेवढ्यात घरी भाचीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून दहा दिवस असताना. तिनं नवऱ्याला फोन केला आणि म्हणाली, "माझं मी बघते, आधी आईला शोधा." स्वतःच टॅक्सी बोलावून ती दवाखान्यात गेली. वर्गात शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगत, एकटी बाळंत झाली. मुलगी झाली. जावयानं फोनवरून सांगितलेल्या नंतरच्या गाडीनं ताई पोचली तेव्हा बाळ चार तासांचं होतं. खोलीत शिरल्या शिरल्या लेक आईला म्हणाली, "थेट गाडी हवी होती ना तुला? मिळाली?"

ताईला अर्थ कळला नाही. आपण रांगेत रेंगाळलो म्हणून पोरगी चिडली, असं तिला वाटलं. ती बाळाकडे वळली.

तीन महिन्यांनी परत आल्यावर ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "पोरगी नीट बोललीच नाही रे भाऊ. सगळं करून घेतलं, पण मन लावून बोलली नाही." मला तेव्हाच सांगता आलं असतं. समोर कोणी तिसरं नव्हतं. मी म्हणालो, "बाळंतिणीचा स्वभाव चिडका होतोच, मनावर घेऊ नको."

त्याहून वाईट पुढं केलं. एका लग्नात कुणीतरी विचारलं, गाडी चुकलीच कशी? मला भीती वाटली, बोलता बोलता ईमेलपर्यंत गोष्ट जाईल. मी पटकन म्हणालो, "अहो, आमच्या ताईच्या लाडवांनी जर्मनीची रेल्वे चुकवली!" सगळी पंगत हसली. ताईही हसली. तेव्हापासून कोणी प्रवासाला निघालं की म्हणायचे, "डबा लहान घे हो, नाहीतर ताईसारखं होईल." ती स्वतःच सांगायला लागली, "माझंच चुकलं, लाडू न्यायलाच नको होते." तिचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल आणि दर वेळी माझ्या ताटातलं निवांत जेवलो असेन.

भाचीचे फोन आखूड होत गेले. भारतात आली की नागपूरला सासरी राहायची; बुऱ्हाणपूरला एखादी दुपार. ताई पुन्हा तिकडे गेली नाही. कोणी बोलावलंही नाही. नातीला ती फोटोतच वाढताना पाहत होती.

गेल्या हिवाळ्यात भाची मुलीला घेऊन तीन दिवसांसाठी आली. मीही जेवायला होतो. नातीला वाढता वाढता ताई म्हणाली, "या सुट्टीत मलाच ने ना तुझ्याकडे."

भाची म्हणाली, "येशील गं, पण या वेळी माझं ऐकशील का? मागं लिहिलं होतं तीन तास ठेव, तर तू मामांकडून कळवलंस, थेटच हवी."

ताईचा वाढता हात थांबला. "तीन तास? मला कुणी सांगितलं तीन तास? गाडी तर जावईबापूंनी ठरवली होती."

"आई, मी दोन्ही गाड्या लिहून पाठवल्या होत्या. निवडायचं तुला होतं."

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हणालो, "इतकं जुनं कुठं आठवतं आता?" आणि हात धुवायला उठलो. त्या वयात, त्या घरात, आणखी एक खोटं.

सकाळी आडतीवर न जाता मी ताईकडे गेलो. दोघी चहा घेत होत्या. नात अंगणात खेळत होती. मी बसलो नाही. ईमेलमध्ये काय होतं, मी काय गाळलं आणि उत्तरात काय लिहिलं, ते सगळं उभ्यानंच सांगितलं.

भाची रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मामा, नऊ वर्षं मी आईला दोष देत आले."

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाचता येत नव्हतं का रे? चष्मा माझ्या उशाशीच असायचा. तू वाचायचास म्हणून मी ऐकत होते. तुझ्या तोंडून आलेला शब्द मी एकदाही कागदावर ताडून पाहिला नाही."

गाड्यांची, इटारसीची, तुझ्याच भल्याची, अशी जी कारणं रात्रभर जमवली होती ती तिच्यासमोर काढण्याची हिंमत झाली नाही. मी भाचीकडे वळून म्हणालो, "बेटा, तुझ्या आईनं काही निवडलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी तू एकटी पडलीस ती माझ्यामुळे." मग ताईकडे पाहिलं. "ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तुला फसवलं. गाडी चुकली ती चूक होती. पण नंतर लोकांना तुझ्यावर हसवलं, तुला, लेकीपासून तोडलं, ते मी जाणून केलं. मला माफ कर. आज नाही झालं तरी चालेल."