गुलाबी पाणी आणि तंबाखूची चिमूट

“थोडा चुना मिळेल का?” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सरकारी प्रयोगशाळेच्या बाईंनी विचारलं, आणि पुण्याच्या त्या कोर्टात चौघांच्या खिशातून चुन्याच्या डब्या बाहेर आल्या. न्यायाधीशही हसले.

हसला नाही तो फक्त आरोपी. दौंड तालुक्यातल्या एका गावचा तलाठी, लाचेच्या सापळ्यात सापडलेला. सापळ्यात नोटांना एक पांढरी पावडर लावतात. ती ज्याच्या हाताला लागते, त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. याच्या हातांनी झालं होतं. नोटा मात्र टेबलावर, फायलीखाली मिळाल्या होत्या. तरी आमच्या पेपरासकट सगळ्यांनी ‘रंगेहाथ’ छापलं. नोकरी जाणार होतीच, आता तुरुंगही दिसत होता.

मी शिरूर-दौंडचा वार्ताहर. केडगावहून सकाळची गाडी पकडून साक्ष ऐकायला आलो होतो.

आरोपीच्या वकिलांचं म्हणणं, पाणी तंबाखूच्या चुन्यानं रंगलं. बाईंनी ग्लासात चुना ढवळला. पाणी पांढरंच. मग पावडरीची चिमूट टाकली. पाणी असं काही गुलाबी झालं की मी लिहायचंच विसरलो.

“म्हणजे हाताला पावडर होतीच!” सरकारी वकील खुशीत म्हणाले.

“होती.”

“नोटांवरचीच?”

“हातावर कशी आली, ते मला सांगता येणार नाही.”

सगळं कोर्ट तोंडाकडे बघतंय आणि ही बाई सरळ सांगते, इथून पुढचं मला माहीत नाही. मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं.

न्यायाधीशांनी तक्रारदार आबांना पुन्हा बोलावलं. “नोटा कुणी ठेवल्या?”

“म्याच. फायलीखाली सरकावल्या. मग त्याच हातानं तंबाखू मळली, तलाठी भाऊसाहेबांना चिमूट दिली.”

“तुम्ही? त्यांना?”

“आता मळली म्हंजी समोरच्याला द्याया नको व्हय, साहेब?”

सापळ्याआधी अधिकाऱ्यांनी आबांना बजावलं होतं, हात मिळवू नका, तुमच्या हाताची पावडर त्यांना लागेल. तंबाखूचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“त्यांनी पैसे मागितले होते?”

“तोंडानं न्हाई. पर नोंद अडली हुती. लोकं म्हनली, दिल्याबिगर हुत न्हाई.”

लाचेच्या कायद्यात मागणी सिद्ध व्हावी लागते. तलाठी निर्दोष सुटला. मी संपादकांना फोन लावला.

“मग रंग आला कुठून?”

“तंबाखूतून, साहेब.”

“चेष्टा पुरे.”

सगळं समजावल्यावर आतल्या पानावर चार ओळी आल्या. बाईंची साक्ष त्यात बसली नाही.

पुढे सापळ्याची प्रत्येक बातमी लिहिताना मी अधिकाऱ्यांना एकच विचारायचो, “मागणी कुणी ऐकली?”

“अहो, पाणी गुलाबी झालंय ना!”

“झालंय साहेब. पण ऐकली कुणी?”