शोभा सिस्टरची स्क्रीनवरची जुळी

"सिस्टर, दोन वाजून राहिले! ह्यांची तीनची शिफ्ट आहे हिंगण्याले. सुई देता, का मी जाऊ घरी?"

नागपुरात हुडकेश्वरच्या लसीकरण केंद्रात नऊ महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन एक बाई ओरडत होती. आवाज असा, की पलीकडच्या मनीषनगरातले कुकर शिट्टी गिळून बसले असतील. बाहेर नवरा मोटारसायकलचा हॉर्न वाजवून साथ देत होता.

"थांब नं वं माय," शोभा सिस्टर म्हणाल्या. "होऊन राहिलं."

मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आत खुर्ची एकच. पाहुणा म्हणून मला मिळालेली. मे महिना. लॅपटॉपवर पापड भाजता आला असता. दोन भाजले, असं घरी सांगितलंही. माझं काम डिजिटल ट्विन बनवायचं. म्हणजे खऱ्या केंद्राचं कॉम्प्युटरमधलं जुळं भावंड. तेच दार, तोच बाक, तेवढीच लेकरं. बदल आधी तिथं करून बघायचा, जमला तर इथं करायचा.

ट्विनमध्ये दीड वाजताच बाक रिकामा होत होता. इथं तीन आया बसलेल्या. दर बुधवारी एखादी कंटाळून लस न घेताच निघून जायची.

सिस्टरच्या वरच्या, आरोग्य खात्यातल्या साहेबांना फोन करून हा फरक सांगितला.

"म्हणजे सिस्टर स्लो आहेत," साहेब म्हणाले. "रिपोर्ट पाठवा. बदलीचं बघतो."

शोभा सिस्टर आणि स्लो? त्यांचा हात एवढा हलका, की लेकरांना रडायची आठवण करून द्यावी लागे.

रिपोर्ट राहू दिला आणि बाकाकडे नीट पाहिलं. दीड महिन्याची पोरं येत होती, टोचून जात होती. अडकलेली तिन्ही नऊ महिन्यांची, गोवराच्या लसीची.

"सिस्टर, यांनाच काहून थांबवलं?"

त्यांनी बाटली दाखवली. "दहा लेकरांची आहे. पावडर एकदा कालवली की चार तासांत संपवा, नाही तं फेका. मागं सात डोस फेकले तं मेमो आला. तवापासून पाच-सहा लेकरं जमल्याबिगर मी उघडत नाही."

"पण एका लेकरासाठीही उघडायची, असा नियम आहे ना?"

"नियम आहे. मेमोही आहे."

मी ट्विनला नियम शिकवला होता, मेमो शिकवायचा राहिला होता. तो घातला. स्क्रीनवरच्या बाकावर तीन आया हजर!

साहेबांना तसं कळवलं. मेमोवर सही कोणाची, हे मी विचारलं नाही. पलीकडे फायलीची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि एका पानावर थांबला.

"उघडा म्हणावं," साहेब शेवटी म्हणाले. "वाया गेले तर जबाबदारी माझी. लेखी देतो."

बाटली उघडली. लेकरू टोचून घेऊन, देखरेखीसाठी बसवलं तेवढा वेळ बसून, बाई मोटारसायकलवर चढली. जाताना सिस्टरला म्हणाली, "येतो वं माय." बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. आता गोवराच्या लेकरांना आदल्या दिवशी फोन करून दहा वाजता एकत्र बोलावतात.

मी एवढंच शिकलो, की मशीनला नियम सांगून भागत नाही. माणसं कशाला भितात, तेही सांगावं लागतं.

पुढच्या बुधवारी मी मोठ्या ऐटीत स्क्रीन फिरवली. "सिस्टर, ही निळी बाहुली म्हणजे तुम्ही."

सिस्टरनी चष्मा पुसून, उभ्याउभ्याच, बराच वेळ पाहिलं.

"हिले खुर्ची आहे," म्हणाल्या.