शब्दांच्या जावा

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. फक्त इंग्रजीत, बरं का! बाकी विषयांत मी वर्गात दुसरी. वडिलांनी सांगून टाकलं, "ऑक्टोबरला बस. पास झालीस तर नर्सिंगला धाडतो, न्हाईतर माघात लगीन." स्थळ संगमनेरजवळचं होतं, बागायतदार. पण मला नर्सच व्हायचं होतं.

मास्तर म्हणाले, तुझा शब्दसंग्रह तोकडा आहे, एका अर्थाचे चार-चार शब्द पाठ कर. पण बाजरीची खुरपणी चालू होती, मला घरी कोण बसू देणार? मग शेतातच अभ्यास. आई माझ्या शेजारची पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. सकाळी मी तिला शब्द सांगायचे आणि दिवसभर ती मला विचारायची.

"बिगच्या जावा सांग."

"लार्ज, ह्यूज, इनॉर्मस."

"यात थोरली कोन?"

एका अर्थाचे शब्द म्हणजे एका घरातल्या जावा, हे आईनंच ठरवलेलं. सगळ्यात लांबलचक शब्द ती थोरली जाऊ, मानाची. "मोठ्या मानसाशी बोलताना थोरलीलाच म्होरं करायचं," ती बजावायची. आमच्या घरातही पाहुण्यांपुढं थोरल्या काकूच बोलत, आई चुलीपाशी. त्यामुळे मला ते अगदी पटलं. बरोबरच्या बायका तर "ए इनॉर्मस, पानी आन गं" म्हणून मला छळायच्या. लई हसायचो आम्ही.

परीक्षेत हेडमास्तरांना रजेचा अर्ज आला. हेडमास्तर म्हणजे केवढा माणूस! त्यांना साधं 'आस्क' कसं लावू? 'बिसीच' लिहिलं, 'इम्प्लोअर' लिहिलं, एकही धाकटी जाऊ पुढं येऊ दिली नाही. सगळा पेपर तसाच सजवला. दुसऱ्या दिवशी मास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, हे तर गयावया करायचे शब्द! दोन दिवसांची रजा मागतेस की देवाकडं मोक्ष? अर्थ एक असला तरी प्रत्येक शब्दाची जागा वेगळी असते, बाई!"

घरी येऊन सगळा राग मी आईवर काढला. नको नको ते बोलले. ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

निकाल लागला. पाच मार्कांनी विषय गेला. वडील टोपी घालून लग्न ठरवायला संगमनेरच्या पाहुण्यांकडे निघाले, तर आई दारात आडवी आली.

"अवो, मार्चला पुन्ना बसू द्या तिला. चूक पोरीची न्हाई, माझी हाय. मीच तिला तसं शिकवलं. माझ्या चुकीपायी तिला उजवू नका."

"तुला काय कळतं गं इंग्रजीतलं?"

"न्हाई कळत. म्हनून तर चुकलं."

 वडील टोपी काढून तिथंच खाली बसले. आई मात्र दारातून हलली नाही.