कपिलधारच्या चढावरचे एक असत्य

बीडच्या कचेरीला बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी कायमचा वाटाड्या नेमावयाचा होता. रंभाजी नावाच्या गाडीवानाला सोबत घेऊन फिरावे व लेखी मत द्यावे, असे मला कळविण्यात आले. रंभाजीचा बैल त्याच वर्षी मेला होता. गाडी बंद, घरात खाणारी तोंडे सहा. नेमणूक माझ्या कागदावर अवलंबून होती. निघतानाच मी अट सांगितली : "एकही खोटा शब्द आढळला, तर शिफारस नाही."

मार्गशीर्षातल्या एका पहाटे भाड्याच्या गाडीने कपिलधारला निघालो. सोबत जालन्याचे एक वकील होते. भाडे आधीच निजामाच्या हाली सिक्क्यात ठरवावे. पोहोचल्यावर गाडीवान इंग्रजी कलदार रुपये मागतात, ते महाग पडतात. दोन कोसांवर खजाना बावडी लागते. वकिलांनी विहिरीत वाकून पाहिले.

"काय बे, खजिना कुठं पुरलाय?"

"पानीच खजिना, सायेब. दुसरं म्या तरी पाह्यलं न्हाई."

"आणि पाणी येतं कुठून?"

"दोन तोंडांनी येतं, एकातनं जातं, तितलं ठावं हाय. म्होरं आत कोन गेलतं?"

वकील माझ्याकडे वळले. "शास्त्रीबुवा, हा कसला वाटाड्या? चिमूटभर मसाला टाकायला याचं काय जातं?"

माझे मत निराळे पडले. ज्याला "ठाऊक नाही" म्हणता येते, त्याच्याच "ठाऊक आहे" या शब्दाला प्रमाण मानता येते.

मांजरसुंब्याच्या घाटात भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन मुक्काम केला. सकाळी रंभाजीने आमच्या वहाणांचे तळ तपासले व माझ्या वहाणांना काथ्या गुंडाळला. कपिलधारच्या ओल्या दगडांवर गुळगुळीत चामडे टिकत नाही. वकिलांना त्याने आपल्या मागोमाग ठेवले. कारण विचारता म्हणाला, "बोलनाऱ्याचं ध्यान पायाकडं नसतं."

दरीत उतरलो, समाधीचे दर्शन घेतले, धबधब्याची बारीक झालेली धार पाहिली. परतीचा चढ उभा आहे. थोडे चढताच रंभाजी दगडावर टेकला.

"जरा बसू द्या, शास्त्रीबुवा. गुडगा धरलाय माजा."

असे तीनदा झाले. तिन्ही वेळा मी त्याच्यासाठी थांबलो, आणि तिसऱ्या वेळी करंजेल चोळण्याचा उपदेशही केला. इतक्यात वकिलांची छत्री हातातून सुटून उतारावर घसरत गेली. रंभाजी शेळीसारखा खाली धावला आणि तसाच वर आला. माझा श्वास तोवर खाली बसला नव्हता.

"कोणत्या पायाचा गुडघा?" मी विचारले.

वकील हसले. "सापडला बे! गेली तुझी नोकरी."

"माजा कुठं दुखायलाय?" रंभाजी हळूच म्हणाला. "तुमी दमले, बसा, असं म्हनलो असतो तर बसले असते का?"

"नसतो बसलो."

"मंग?"

मी आणखी थोडा वेळ बसून घेतले, मग उरलेला चढ आम्ही चढलो.

घरी परतल्यावर कागद पुढे घेतला. धारेचे वर्णन करावे असे मनात होते, पण ती आता नीटशी आठवत नाही. बसायला मिळालेले तीन दगड आठवतात. जाणाऱ्यांनी काठी अवश्य न्यावी. शेवटी कचेरीला लिहिले :

"स्थळांविषयी हा मनुष्य खोटे बोलत नाही. स्वतःच्या गुडघ्याविषयी तीनदा बोलला. खोट्या शब्दाविषयीची अट मी घातली होती. ती मी मागे घेतो. नेमावा."