ताडामागचा झेंडा
ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास आमच्या आठव्या मजल्यापर्यंत येतो, तेव्हा मला ती संध्याकाळ आठवते. पलीकडच्या गावात आजारी आईला बघून मी सासऱ्यांबरोबर होडीने करावे गावात परतत होते. आईचा ताप लागू नये म्हणून तान्ह्या मुलीला सासूकडे ठेवलं होतं. सासरे नेहमीच्याच खुणेवर होडी हाकत होते: देवळाचा झेंडा उंच ताडाच्या बरोबर मागे आला, की खाली खोल पाणी. झेंडा ताडामागे आला आणि होडी चिखलात बसली. नव्या शहरासाठी काठाला दगडी बांध घातल्यापासून लाटा त्यावर आपटून शेजारचा काठ खात होत्या आणि ती माती आमच्या वाटेत आणून टाकत होत्या. पाणी उतरत गेलं, चहूकडे नुसता चिखल उरला. घर समोर दिसत होतं. सासू मुलीला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती, आणि मुलीचं रडणं मला ऐकू येत होतं. मी एक पाय बाहेर टाकला. "उतरू नको, कमरेपरत रुतशील," सासरे म्हणाले. "पानी चढेपरत हितंच बसायचं हाय." माझं पोलकं दुधाने भिजलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण ते तोंड फिरवून झेंड्याकडे बघत बसले. अंधार पडल्यावर भरतीने होडी उचलली, तोवर मुलगी रडून रडून झोपली होती. तिला आता स्वतःची मुलं आहेत, पण हा वास आला की मी अजूनही पदर छातीवर ओढून घेते.