पुतळ्याची हजामत

अर्धा रस्ता सरून चढ लागला, तसे मामा थांबले. दम लागला म्हणून नव्हे. भाचीच्या पिशवीचा बंद नीट बांधलाय ना, ते पाहायला.

"मघापासून माझ्या पिशवीची एवढी काळजी का हो, मामा?"

"रस्त्यात चोर काय कमी असतात?" म्हणत मामा झपाझप पुढे निघाले.

मामा जन्माचे न्हावी. सगळ्या गल्लीची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. पण वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. रक्त थेंबभर, बोभाटा गावभर! मुलांनी दुकानाला कुलूप घातलं आणि लोखंडी खुर्ची टेकडीवरच्या कलाकेंद्राच्या संग्रहालयाला देऊन टाकली. तेव्हापासून मामांपुढे मान सोडाच, नखंसुद्धा कुणी धरेना. मामींनी तर घरातल्या सगळ्या कात्र्या पिठाच्या डब्यात लपवल्या.

केंद्रवाल्यांनी त्या खुर्चीत प्लॅस्टरचा पुतळा बसवला. गळ्याभोवती कापड, डोक्यावर केसांचा टोप. मामा हौसेनं बघून आले ते तोंड पाडूनच. टोपाची एक बट पुतळ्याच्या उजव्या कानावर लोंबत होती.

"माझ्या खुर्चीतून असा माणूस कधी उठला नाही," हे पालुपद जेवताना चालू, झोपताना चालू.

"अहो, पण तो उठणार आहे कुठं?" मामी करवादल्या. शेवटी मामांचे पाय मोकळे व्हावेत म्हणून आज भाची त्यांना टेकडीवर घेऊन निघाली.

केंद्राच्या फाटकावर रखवालदारानं पिशवी तपासली. आतली जपमाळेची थैली चाचपताच भाची म्हणाली, "जपाची आहे." त्यानं चटकन हात मागे घेतला. लोकांना अजून देवाची चाड आहे म्हणून तिला बरं वाटलं.

एरवी कुंभाराच्या चाकापाशी आणि टोपल्या विणणाऱ्या बायकांपाशी मामांच्या तासभर गप्पा रंगायच्या. आज ते वाऱ्यासारखे त्यांच्या दोन्ही झोपड्या ओलांडून गेले. संग्रहालयाच्या दालनात चिटपाखरू नव्हतं.

"तायडे, जरा माळ काढ की. जप कर."

तिनं थैलीत हात घातला. बोटांना गार लोखंड लागलं, वर थोडं पीठ.

"अरे देवा! मामा, माळेच्या थैलीत कात्री?"

"मग काय झालं? पवित्र झाली असेल. दे इकडे. तू दाराशी उभी राहा, कुणी आलं तर खोक."

तिनं नको म्हणायला तोंड उघडलं, पण मामांच्या चेहऱ्याकडे पाहून गपचूप दाराशी गेली. हात जोडून म्हणाली, "देवा, कान वाचव. प्लॅस्टरचा असला तरी."

मामा खुर्चीभोवतीची दोरी ओलांडून आत शिरले. कापड झटकलं. सवयीनं विचारलं, "कसे ठेवू? बारीक की मध्यम?" आणि उत्तरासाठी थांबलेसुद्धा! मग पुतळ्याचं डोकं दाबत म्हणाले, "मान खाली." मान काही वाकेना. "ताठ आहे गृहस्थ."

भाचीला हसू असं अनावर झालं की रखवालदार आला तरी खोकायला श्वास उरला नाही.

"ओ आजोबा! काय चाललंय?"

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बसा जरा. हे एवढं झालं की तुमचाच नंबर."

रखवालदार गोंधळून बाकड्यावर टेकलासुद्धा. मग भानावर येऊन ताडकन उठला. तेवढ्यात बट खाली पडली. त्यानं कात्री हिसकून भाचीच्या हाती कोंबली, "पुन्हा आणाल तर साहेबांपुढे उभं करीन," असा दम भरला आणि दोघांना बागेत आणून सोडलं.

झाडाखालच्या बाकावर मामा बसले. हात मांडीवर पालथा. दुसऱ्या हातानं दाबून धरलेला.

"पायरी पडली ना गं केसांना? वाकडं कापलं गेलं?"

तिला खोटं बोलवेना. "थोडीशी."

"न हलणाऱ्या माणसाची सवय नाही मला." मामांनी कपड्यांवरचे केस झटकले. मग तिच्या पाठीवर रुळणाऱ्या लांब वेणीकडे नजर वळवून हळूच म्हणाले, "तायडे, वेणीचं टोक कापू देशील? बोटभरच. आणि तुझा कान तिथून चांगला हातभर लांब आहे."