बुटांच्या खोक्यातले डिंकाचे लाडू

आमच्या धंद्यात कामाची वाटणी सरळ आहे. बायको लाडू वळते आणि मी ते पोचवतो. कंपनीत मी माणसाच्या उंचीचे पंप डार्मश्टाटहून जगभर पाठवतो, तेव्हा किलोभर लाडू जर्मनीतल्या जर्मनीत पाठवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बायको म्हणाली, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. तिच्या जर्मनमधला टोमणा अस्सल पुणेरी असतो.

माझं खरं भांडवल म्हणजे केलरमधली खोकी. तळघरातल्या आमच्या कोठडीत मी आठ वर्षांत घरात आलेलं एकूण एक खोकं जपून ठेवलं होतं. शेजारचे जर्मन आजोबा धडधाकट खोकी पायाखाली चेपून कागदाच्या कचऱ्यात टाकायचे, तेव्हा माझा जीव तुटायचा. धंदा सुरू झाला आणि माझ्या साठ्याला चांगले दिवस आले. पहिला महिना सगळी पार्सलं वेळेवर गेली, आणि मी घरात जरा छाती काढून चालायला लागलो.

मग नागपूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी हॅनोव्हरला पीएचडी करत होती आणि पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. बाईंना व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळालीच नव्हती.

"मला काही येता येत नाही, भाऊ. निदान डिंकाचे लाडू तरी वेळेवर पोचू द्या. आणि माझ्याच प्रमाणाने करा."

सुंठ किती, खारीक किती, गूळ कुठवर वितळवायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बायको कुणाच्या बापाचं प्रमाण ऐकत नाही, पण हे तिने लिहून घेतलं आणि तसंच्या तसं केलं. मी केलरमधून मापाचं खोकं आणलं, वर पत्ता चिकटवला आणि पार्सल टाकून आलो.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "काका, पार्सल आलं नाही अजून. कालपासून ट्रॅकिंगवर नुसतं 'आज पोचेल' दाखवतंय."

काका म्हटल्यावर मी काकासारखा बोलायला लागलो. "आल्झो, म्हणजे असं आहे, इथे माणूस घरात नसला की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतात. चिठ्ठी टाकायला विसरले असतील. जिन्यातली सगळी दारं वाजवून बघ."

"मी घरातच होते. आणि नवरा संध्याकाळी येईल, तेव्हा त्याला..."

"त्याच्यासाठी कशाला थांबतेस? दोन मिनिटांचं काम."

तासाभराने तिचा मेसेज आला की चारही मजले झाले, कुणाकडे काही नाही. मी उलट विचारलं, "नीट विचारलंस ना?" आजही ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बूट विकणाऱ्या कंपनीची ईमेल आली. रिटर्न पाठवल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते. मात्र खोक्यात बूट आढळले नाहीत, त्याऐवजी तपकिरी रंगाच्या गोल वस्तू आढळल्या, त्या काय आहेत ते कृपया कळवावं, असं पुढे लिहिलं होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. काही महिन्यांपूर्वी बूट परत करायचे म्हणून मी परतीचं लेबल खोक्याच्या बुडाला चिकटवलं होतं. नंतर बूट ठेवून घेतले आणि खोकं सवयीने जपलं. लाडू भरताना ते उलटून बघितलं नाही. मशीनने नेमकं खालचं लेबल वाचलं.

बायको हसून हसून ओट्याला टेकली. मग एकदम थांबली. "आणि त्या ओल्या बाळंतिणीला तू चार मजले चढवलंस?"

लाडू त्याच दुपारी पुन्हा झाले. या वेळी खोकं नको, स्टीलचा डबा घे आणि स्वतः जा, असा हुकूम झाला. शनिवारी मी डबा मांडीवर घेऊन हॅनोव्हरची गाडी पकडली.

मुलीने दार उघडलं तेव्हा बाळ खांद्यावर होतं आणि टेबलावर उभ्या केलेल्या फोनमध्ये नागपूरची आई. मुलीने उभ्याउभ्याच एक लाडू तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

"डिंक नीट फुललाय का गं?" आईने विचारलं. मुलीने मान डोलावली.

"पण एवढा उशीर कसा झाला हो, भाऊ?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "गाड्या लेट होत्या, आई."

जर्मनीत हे कारण कुणीही मान्य करतं. मीही गुपचूप घेतलं असतं. पण ती खुर्चीची पाठ धरून, ओठ आवळून, हळूहळू खाली बसत होती, आणि ते मला बघवेना. मी सगळं सांगितलं. खोकं, बूट, जिना.

"अक्कल गहाण ठेवली होती का?" बाई कडाडल्या. "टाके ओले आहेत तिचे! मी तिथे असते तर पाणी प्यायलासुद्धा उठू दिलं नसतं तिला!" त्यांचा आवाज मधेच फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. मी फोनसमोर मान खाली घालून उभा राहिलो. माझी आई गेल्यापासून मला असं कुणी झापलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

शेवटी त्यांचा दम संपला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता उभे काय राहिलात? तिला पाणी गरम करून द्या प्यायला."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी तापत ठेवलं.